विश्लेषण : पेशी कूर्चा घडवणार की हाड, हे ठरवते कोण? ऑनर फेल यांच्या सहा दशकांच्या शोधाची गोष्ट

गुडघ्यातील कूर्चा एकदा झिजली की ती पूर्ववत करणे शरीराला जमत नाही. त्वचेवरची जखम भरते, मोडलेले हाड सांधते, पण सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्याच नसल्याने तिची दुरुस्ती रखडते. म्हणूनच स्टेम सेल म्हणजे मूलपेशींपासून प्रयोगशाळेत कूर्चा, हाड, अस्थिबंध अशा संयोजी ऊती तयार करण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. यातला मूळ प्रश्न मात्र जवळपास १०० वर्षे जुना आहे. शरीराबाहेर काढलेल्या पेशी पुन्हा काही घडवू शकतात का? आणि घडवत असतील, तर काय घडवायचे हे कोण ठरवते? या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनी सहा दशके केला त्या ऑनर फेल आज सामान्य वाचकाला फारशा माहीत नाहीत. कोण होत्या त्या आणि त्यांचे काम आजही का महत्त्वाचे आहे?

ऑनर फेल कोण होत्या?

ऑनर ब्रिजेट फेल यांचा जन्म २२ मे १९०० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, फायली गावाजवळच्या फाउथॉर्प येथे झाला. नऊ भावंडांत त्या धाकट्या. वडील लहान जमीनदार होते, आई सुतारकामात तरबेज होती. प्राण्यांचे वेड लहानपणापासून. फेरेट हा मुंगुसासारखा दिसणारा लहान प्राणी त्यांनी पाळला होता आणि १३ वर्षांच्या असताना त्या तो बहिणीच्या लग्नालाही घेऊन गेल्या, असा किस्सा त्यांच्या कुटुंबात सांगितला जाई.

ऑक्सफर्ड आणि सेंट अँड्र्यूज येथे शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी एडिनबरा विद्यापीठात प्राणिशास्त्र घेतले. तेथे प्राणी-आनुवंशिकीचे अभ्यासक फ्रान्सिस क्रू यांच्याकडे त्या काम करू लागल्या. जिवंत ऊती शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र तेव्हा नवे होते. ते शिकून घेण्यासाठी क्रू यांनी त्यांना केंब्रिजला डॉ. टॉमस स्ट्रेंजवेज यांच्याकडे पाठवले. पदवीनंतर एडिनबरामध्ये त्यांच्यासाठी जागा नव्हती आणि स्ट्रेंजवेज यांना मदतनीस हवा होता. १९२३ मध्ये फेल केंब्रिजला गेल्या आणि आयुष्यभराच्या कामाला तेथेच सुरुवात झाली.

संधिवाताचे रुग्णालय पेशींकडे कसे वळले?

स्ट्रेंजवेज हे वैद्यक क्षेत्रातले. संधिवातात सांधे का खराब होतात, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी १९०५ मध्ये केंब्रिजमध्ये एक छोटे संशोधन रुग्णालय काढले. त्याचा खर्च देणग्या आणि पदरचे पैसे यांतून भागत असे. रुग्णांचे सांधे तपासून रोगाचे मूळ सापडत नाही, हे लक्षात आल्यावर ते एक पायरी खाली उतरले. सांध्यातील पेशी जिवंत असताना नेमके काय करतात, हे आधी पाहायला हवे, असे त्यांना वाटू लागले. रुग्णालयाचा हळूहळू पेशींच्या प्रयोगशाळेत कायापालट झाला तो असा.

पेशी वाढवणे आणि ऊती वाढवणे यांत फरक काय?

त्या काळी बहुतेक प्रयोगशाळा पेशी पसरवून वाढवत. ऊतीचा तुकडा पोषक द्रवात ठेवला की कडेने पेशी बाहेर पडतात, विभागत जातात आणि काचेवर पातळ थर पसरतो. पेशी जगतात, संख्येने वाढतात, पण हळूहळू आपली ओळख गमावतात. कूर्चेच्या पेशी कूर्चेसारख्या वागेनाशा होतात.

फेल यांना नेमके उलट हवे होते. पेशींची संख्या वाढली नाही तरी चालेल, पण त्यांचे एकमेकींशी असलेले नाते टिकले पाहिजे. त्यासाठीची पद्धत दिसायला अगदी साधी होती. घड्याळावर असते तशी खोलगट काच म्हणजे वॉचग्लास. त्यात कोंबडीच्या रक्तातील प्लाझ्मा आणि भ्रूणाचा अर्क यांची गोठलेली गुठळी. तिच्यावर जिवंत ऊतीचा इवलासा तुकडा. हे सारे झाकणाच्या बशीत ओलसर कापसासोबत ठेवायचे, म्हणजे तुकडा सुकत नाही. मग ती बशी उबदार पेटीत ठेवायची आणि काही दिवसांनी तुकडा ताज्या गुठळीवर हलवायचा. तुकडा द्रवात बुडत नाही, हवेच्या सान्निध्यात राहतो आणि त्यातल्या पेशी विखुरत नाहीत. या पद्धतीला पुढे अवयव-संवर्धन म्हटले गेले.

कळीतून कूर्चा घडली

फेल आणि स्ट्रेंजवेज यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोंबडीच्या भ्रूणाची पायाची कळी घेतली होती. या टप्प्यावर त्या कळीत ना हाड असते ना कूर्चा, असतो फक्त एकसारख्या दिसणाऱ्या पेशींचा पुंजका. तो शरीरापासून पूर्ण तोडून काचेत ठेवला, तरी त्यात कूर्चा तयार झाली.

याचा अर्थ मोठा होता. काय घडवायचे याची बरीचशी सूचना त्या पेशींना आधीच मिळालेली होती. पक्ष्याचे उरलेले शरीर, रक्तप्रवाह, मज्जातंतू यांपैकी काहीही नसताना त्यांनी ती अमलात आणली.

पण हा शोध रुजण्याआधीच संकट आले. डिसेंबर १९२६ मध्ये स्ट्रेंजवेज यांचे अचानक निधन झाले. संस्थेचा सगळा डोलारा त्यांच्याभोवती उभा होता. पैसा तुटपुंजा, माणसे मोजकी. प्रयोगशाळा बंद करण्याचा विचार सुरू झाला. फेल आणि त्यांचे सहकारी एफ. जी. स्पिअर यांनी ती चालू ठेवण्यासाठी विश्वस्तांचे मन वळवले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मदत चालू ठेवली. संस्थेला स्ट्रेंजवेज यांचे नाव देण्यात आले आणि १९२९ मध्ये संचालकपद फेल यांच्याकडे आले. तेव्हा त्या तिशीच्याही झाल्या नव्हत्या. विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी स्त्री असणे हे त्या काळी अपवादानेच घडे. फेल त्या पदावर १९७० पर्यंत, म्हणजे ४१ वर्षे राहिल्या.

सगळ्या कूर्चा सारख्या नसतात

संचालक झाल्या तरी त्यांचे प्रयोगाचे टेबल सुटले नाही. १९२९ मध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिसन यांच्यासह भ्रूणाच्या मांडीच्या हाडाचा कूर्चामय आराखडा काचेत वाढवला. तो लांब झाला आणि त्याला खऱ्या हाडासारखा आकार येऊ लागला. म्हणजे केवळ ऊतीच नव्हे, तर आकाराचा ढोबळ नकाशाही त्या तुकड्याजवळ होता.

रॉबिसन यांना रस होता फॉस्फेटेज या विकरात. हाडात कॅल्शियमचे क्षार साठण्याशी त्याचा संबंध आहे, असे त्यांनी आधी दाखवले होते. दोघांना आढळले ते असे : कूर्चेच्या पेशी फुगून मोठ्या होऊ लागतात, तेव्हाच हे विकर भरपूर तयार होते. पुढे हाड व्हायचे असते, त्या कूर्चेत ते दिसते. भ्रूणाच्या खालच्या जबड्यातील जी कूर्चा हाडात बदलत नाही, तिच्यात मात्र तीच काच, तेच पोषण देऊनही ते दिसत नाही.

हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आजच्या स्टेम सेल संशोधनाची एक मोठी डोकेदुखी याच ठिकाणी आहे. त्याकडे शेवटी येऊ.

हाडाच्या अस्तरात दडलेली क्षमता

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फेल यांनी हाडावरचे पातळ आवरण आणि हाडाच्या पोकळीचे अस्तर वेगळे काढून वाढवले. दोन्हींमधून नवे हाड तयार झाले. पुढच्या प्रयोगांत हाडाच्या आतल्या अस्तराच्या संवर्धनात चक्क कूर्चा उगवली. शरीरात जे अस्तर हाड घडवते, ते वेगळ्या परिस्थितीत कूर्चाही घडवू शकते, हे त्यातून दिसले.

आजच्या भाषेत सांगायचे तर त्या अस्तरात अजून एकच वाट न धरलेल्या पेशी होत्या. फेल यांच्याकडे तेव्हा त्या पेशी एकेक करून ओळखण्याचे साधन नव्हते. पण ऊतीचे भवितव्य तिच्या भूतकाळावर आणि तिच्या भोवतालावर, दोन्हींवर ठरते, हे त्यांच्या काचेत दिसू लागले होते.

हालचाल नसेल तर सांधा का बनत नाही?

१९३४ मध्ये फेल यांनी आर. जी. कँटी यांच्यासह कोंबडीच्या भ्रूणाचा गुडघा काचेत वाढवून पाहिला. जिवंत पेशींच्या सावकाश हालचाली चित्रफितीवर टिपून त्या वेगाने दाखवणारे कँटी हे सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक. गुडघ्याच्या प्रयोगात दोन हाडांची टोके आकार घेऊ लागली, पण त्यांच्यामधली पोकळी नीट तयार होऊन टिकली नाही आणि कूर्चा एकमेकींना चिकटल्या. शरीरात भ्रूणाचे स्नायू सतत हलत असतात. काचेत ही हालचाल नव्हती.

याच प्रयोगशाळेत जर्मनीतून आलेले आल्फ्रेड ग्लुक्समन यांनी वाढत्या ऊतींवर ताण आणि दाब पडू दिला. ऊतीतील तंतू आणि हाड त्या ताणाच्या दिशेशी जुळवून मांडले जातात, असे त्यांना दिसले. पेशीला मिळणारा संदेश फक्त रसायनाचा नसतो, ओढ आणि दाब हेही संदेशच असतात, ही जाणीव येथे पक्की होत गेली.

आश्रय देणारी प्रयोगशाळा

ग्लुक्समन एकटे नव्हते. हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनी आणि युरोपातून बाहेर पडावे लागलेल्या अनेक संशोधकांना फेल यांनी जागा दिली. इल्झे लास्निट्झ्की त्यांपैकी एक. संस्थेचा पसारा लहान होता आणि अनुदानासाठी सतत धडपडावे लागे. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचीही मदत तिला झाली. तरीही तेथे येऊन तंत्र शिकणाऱ्यांची रांग कमी झाली नाही.

पक्ष्यांच्या भ्रूणाच्या जडणघडणीवर काम करणारे कॉनराड वॉडिंग्टन यांनीही येथेच प्रयोग केले. या साखळीचा एक दुवा पुण्यापर्यंत येतो. वॉडिंग्टन पुढे एडिनबराला गेले. तेथे त्यांच्याकडे संशोधन केलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावरील प्रायोगिक अभ्यासाची परंपरा रुजवली.

वृत्तपत्रांचा त्रासही होताच. बाटलीत जीव वाढवणारी प्रयोगशाळा, अशा थाटाच्या बातम्या १९३० च्या दशकात छापून येत. कोंबडीच्या पायाचा मिलिमीटरभर तुकडा आणि बाटलीतले बाळ यांत किती अंतर आहे, हे वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचे. स्टेम सेलच्या नावाखाली आज केल्या जाणाऱ्या चमत्काराच्या दाव्यांकडे पाहिले, तर हे अंतर अजूनही पुरते कळलेले नाही, असे म्हणावे लागते.

जीवनसत्त्व अ ने काय दाखवले?

१९५० च्या सुमारास आहारशास्त्रातील मोठे नाव असलेले सर एडवर्ड मेलनबी वैद्यकीय संशोधन परिषदेतील पदावरून निवृत्त होऊन फेल यांच्यासोबत काम करू लागले. जीवनसत्त्व अ अति प्रमाणात दिले तर प्राण्यांची हाडे ठिसूळ होतात, हे माहीत होते. पण परिणाम थेट हाडावर होतो की शरीरातील अन्य यंत्रणेमार्फत, हे कळत नव्हते. काचेतल्या हाडाला अन्य यंत्रणाच नसते, त्यामुळे उत्तर मिळण्याची सोय होती.

१९५२ मध्ये उत्तर आले. जास्तीचे जीवनसत्त्व थेट कूर्चेवर काम करते. पेशी जिवंत राहतात, पण त्यांच्याभोवतीचा घट्ट आधारद्रव्याचा भाग विरघळू लागतो आणि तुकडा मऊ पडून आक्रसतो.

पुढच्याच वर्षीचा निष्कर्ष अधिक चकित करणारा होता. कोंबडीच्या भ्रूणाच्या त्वचेला तेच जीवनसत्त्व जास्त दिले, तेव्हा तिने कठीण, खवलेदार थर बनवणे थांबवले आणि नाकाच्या आतल्या पापुद्र्यासारखा श्लेष्मा तयार करणारा थर बनवला. जीवनसत्त्व काढून घेतल्यावर तळाच्या पेशी पुन्हा त्वचेसारखा थर बनवू लागल्या. एका रेणूचे प्रमाण बदलून पेशींची दिशा बदलता येते, आणि ती परतही आणता येते, याचे हे ठसठशीत उदाहरण ठरले.

पपईचे विकर आणि सशाचे कान

याच सुमारास अमेरिकी डॉक्टर लुईस टॉमस यांनी सशांना पपईच्या चिकातील पपेन हे विकर टोचले. सशांचे ताठ कान लुळे पडले आणि काही दिवसांत पुन्हा ताठ झाले. कानातील कूर्चेचा आधार विरघळला होता आणि पेशींनी तो पुन्हा भरून काढला होता.

जीवनसत्त्व अ चा परिणाम याच्यासारखाच दिसत होता. टॉमस आणि फेल यांनी १९६० मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली. बाहेरून विकर दिलेले नसतानाही कूर्चा विरघळते, म्हणजे ते विकर पेशींच्या आतूनच येत असणार, या अंगाने पुढचे संशोधन गेले. जॉन डिंगल आणि इतर सहकाऱ्यांनी पेशींतील विकरांच्या पिशव्या म्हणजे लायसोसोम यांच्याशी त्याचा संबंध जोडला. कूर्चेची पेशी आपल्याभोवतीचे घर बांधते आणि योग्य तो इशारा मिळाला तर तेच घर पाडतेही, असे चित्र यातून उभे राहिले.

निवृत्तीनंतर पुन्हा संधिवाताकडे

फेल १९५२ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. १९६३ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. १९७० मध्ये संचालकपद सोडल्यावर त्या केंब्रिज विद्यापीठात रॉबिन कूम्ब्स यांच्या रोगप्रतिकारशास्त्र विभागात कामाला गेल्या. वय ७० होते, पण टेबलावर तीच काच होती.

१९७७ मध्ये त्यांनी आर. डब्ल्यू. जब यांच्यासह सांध्याचे अस्तर आणि कूर्चा शेजारी ठेवून वाढवली. अस्तराने कूर्चेला थेट स्पर्श केला नाही तरी कूर्चेचा ऱ्हास झाला. मात्र त्यासाठी कूर्चेतील पेशी जिवंत असाव्या लागत. म्हणजे अस्तरातून निघालेला एखादा संदेशरेणू कूर्चेच्या पेशींना स्वतःचे घर पाडायला लावत होता. स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्या रेणूला कॅटाबोलिन असे नाव दिले आणि पुढे तो इंटरल्युकिन-१ असल्याचे स्पष्ट झाले. संधिवाताच्या दाहात हा रेणू महत्त्वाचा मानला जातो. स्ट्रेंजवेज यांनी शतकाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग असा त्यांच्याच शिष्येच्या हाती लागला. १९७९ मध्ये फेल जुन्या प्रयोगशाळेत परतल्या. २२ एप्रिल १९८६ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या स्टेम सेल संशोधनाशी संबंध काय?

फेल यांनी मूलपेशी शोधल्या नाहीत. अस्थिमज्जेतील काही पेशी काचेला चिकटून वसाहती करतात आणि त्यांपासून हाड, कूर्चा तयार होऊ शकते, हे १९६० आणि ७० च्या दशकांत मॉस्कोतील अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत रोवले तर तेथे नवे हाड बनते, हे अमेरिकेतील मार्शल उरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले आणि हाडाला चालना देणाऱ्या प्रथिनांचा शोध त्यातून पुढे गेला. अस्थिमज्जेतील त्या पेशींना मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव अर्नोल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये रूढ केले.

मात्र या पेशींना वळवण्यासाठी आज वापरले जाणारे मार्ग पाहिले, तर फेल यांच्या प्रयोगशाळेची आठवण पदोपदी येते.

पहिला मार्ग जवळीक. मूलपेशींपासून कूर्चा हवी असेल तर त्या काचेवर पसरवत नाहीत, गोळा करून दाट गोळी करतात. पायाच्या कळीतही पेशी अशाच दाटीने असतात.

दुसरा मार्ग रसायनाचे प्रमाण. कूर्चेसाठी टीजीएफ-बीटासारखे वृद्धिघटक ठरावीक मात्रेत दिले जातात. जीवनसत्त्व अ पासून बनणारे रेटिनोइक आम्ल तर पेशींना दिशा देणाऱ्या नेहमीच्या रेणूंपैकी एक आहे आणि कूर्चा बनवताना ते जास्त असेल तर काम बिघडते.

तिसरा मार्ग ताण आणि दाब. कृत्रिम अस्थिबंध बनवताना ऊती वारंवार ताणल्या जातात, कूर्चेवर लयीत दाब दिला जातो.

चौथी गोष्ट शेजार. तयार ऊती दाह असलेल्या सांध्यात बसवली तर तेथील संदेशरेणू ती नष्ट करू शकतात. म्हणून केवळ चांगली कूर्चा बनवून भागत नाही, तिला ठेवायची जागाही शांत असावी लागते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण १९३० च्या सुमारास फेल आणि रॉबिसन यांनी टिपलेल्या तपशिलात आहे. कूर्चा दोन प्रकारे वागते. एक कायम कूर्चाच राहते. दुसरी तात्पुरती असते, तिच्या पेशी फुगतात आणि तिथे हाड येते. अस्थिमज्जेतील मूलपेशींना कूर्चेकडे वळवले, तर त्या बहुधा दुसरी वाट धरतात. प्रयोगशाळेत सुरुवातीला सुंदर दिसणारी कूर्चा काही आठवड्यांत हाडाच्या दिशेने सरकू लागते. फॉस्फेटेज वाढले का, हे आजचे संशोधकही याच कारणासाठी तपासतात.

गुडघ्याच्या रुग्णासाठी हा फरक निर्णायक आहे. सांध्यावर हाडासारखा टणक पॅच नको असतो, गुळगुळीत आणि दाब झेलणारी कूर्चा हवी असते. त्यामुळे पेशी टोचल्या की कूर्चा आपोआप परत येते, हा दावा ऐकला तर दोन प्रश्न विचारायला हवेत. त्या पेशी तेथे नेमके काय बनवतात? आणि बनवलेले टिकते किती? फेल यांच्या काचेतल्या तुकड्यांनी १०० वर्षांपूर्वीपासून हेच सांगितले आहे की पेशीला दिशा देता येते, पण ती तिचा उगम, तिचे शेजारी, तिला मिळणारे रसायन आणि तिच्यावरचा ताण या सगळ्यांचा हिशेब मांडूनच. त्यातला एकही धागा सुटला, तर पेशी कूर्चेची वाट सोडून दुसरीकडे वळू शकते.